खडकातलं मीठ

त्या वर्षी दिवाळीनंतर आईला जो हिवताप लागला तो होळी झाली तरी तिला सोडीना. दिवसाआड दुपारी तिचे दात वाजू लागत. घरात होत्या नव्हत्या त्या गोधड्या मी तिच्या अंगावर टाकी आणि तरीही थरथर थांबली नाही की त्यांच्यावर स्वतः आडवी होऊन पडून राही. मग घाम सुटे, ती डोळे उघडी आणि "बनू, जेवलीस का ग?" एवढंच विचारी. ठाण्याला तळ्याच्या वरच्या अंगाला आमचं बिऱ्हाड होतं, माणसं तीनच, आई, तात्या आणि मी. माझ्या पाठची दोन मुलं राहिली नव्हती, त्यामुळे दहा वर्षांची असून मी घरात सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत थोरली अशी दोन्ही होते. वैद्यांचे काढे संपले, दवाखान्यातली कडू पूड संपली, तेव्हा वैद्यच म्हणाले, "आता हिला महिनाभर खाऱ्या वाऱ्यावर नेऊन ठेवा. माझ्या हातात होतं ते मी केलं." तात्या मिठाच्या खात्यात कारकून होते. अक्षर सुरेख, पण स्वभाव असा की साहेबाच्या बुटांचा आवाज ऐकला तरी टाक खाली ठेवून उभे राहायचे. त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच महिन्याची रजा मागितली. ती मिळाल्याचं त्यांना इतकं नवल वाटलं की दोन दिवस ते तो कागद पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते.

उल्हास नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, वसईच्या अलीकडे, कोळ्यांचं एक लहान गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे कळेलच. ठाण्याहून बैलगाडीनं कोलशेतचं बंदर आणि तिथून ओहोटीबरोबर मचवा, असा प्रवास होता. आईला मचव्यात गादी घालून निजवलं होतं. घोडबंदर मागे पडलं, दोन्हीकडचे डोंगर बाजूला सरले आणि समोर एकदम काहीच उरलं नाही, नुसतं पाणी आणि पांढरं आभाळ. मी घाबरून तात्यांचा अंगरखा धरला. आई मात्र कोपरावर उठून बसली आणि म्हणाली, "हा वास बघा कसला येतोय." तो बोंबलांचा वास होता. वाळूवर बांबूचे उभे-आडवे मांडव घातले होते आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून हजारो बोंबील वाळत घातले होते. वारा आला की ते सगळे मिळून सळसळ करत. ठाण्याच्या बाजारातली सुकट मला ठाऊक होती, पण मासे असे धुणं वाळत घालावं तसे घालतात हे मी तिथेच पाहिलं.

आम्ही उतरलो ते नागीबायच्या घरात. तिचा नवरा दोन पावसाळ्यांपूर्वी समुद्रात गेला तो परतलाच नव्हता. पुढच्या दोन खोल्या तिनं आम्हाला दिल्या आणि आपण मुलीला घेऊन मागच्या पडवीत राहू लागली. मुलगी माझ्याच वयाची, पारू. शेजारचं घर नागीबायच्या दिराचं, हिराजीचं. भावाच्या वाट्याची अर्धी होडी विकावी असं हिराजीचं म्हणणं, आणि नागीबायचं म्हणणं की जावई येईल तो ती वल्हवील. त्यावरून दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. पण रोज सकाळी होडी लागली की हिराजी एक टोपली भरून मासे भावजयीच्या मागच्या दाराशी ठेवून जाई, न बोलता, न पाहता. ती टोपली उचली, तीही न बोलता. हा प्रकार पाहून आईला फार हसू येई. आजारपणात ती पहिल्यांदा हसली ती या दोघांना.

सुरुवातीला स्वयंपाक तात्याच करत. भात एक तर करपे नाही तर गिच्चा होई. आई दोन घास चिवडून ताट बाजूला सारी. नागीबाय आमच्या स्वयंपाकघरात येत नसे. तो काळच तसा होता, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसावं. पण मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून ती तात्यांना शिकवी. "भाऊ, तिसऱ्या उकळल्या का ते पानी फेकायचं नाय. तेच द्यायचं बायला. मिरी टाका वायची." तात्या मान डोलावत आणि पदार्थ बिघडवत. तरी ते तिसऱ्यांच्या शिंपल्यांचं पाणी आईनं वाटीभर घेतलं, दुसऱ्या दिवशी दोन वाट्या. आठव्या दिवशी थंडी वाजून आली नाही. दहाव्याला आली ती अगदी बेताची. आणि पंधराव्या दिवशी सकाळी मी उठून पाहते तो चुलीपुढे आई बसलेली, केस बांधलेले, आणि तव्यावर ओले बोंबील चुरचुरताहेत. तात्या दारात उभे राहून नुसते पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते धुराला दोष देत होते.

त्या दिवसांइतकी मोकळी मी नंतर कधीच हिंडले नाही. पुढल्याच वर्षी माझं लग्न झालं. पारू आणि मी ओहोटीला काळ्या खडकांवर जात असू. अमावास्येच्या उधाणाचं पाणी त्या खडकांच्या खळग्यांत साठून राही आणि वैशाखाचं ऊन आठ दिवसांत ते पिऊन टाकी. मग खळग्याच्या तळाशी पांढरी खरखरीत साय उरे. पारू म्हणाली, "मीठ हाय गो. खाऊन बघ." मी जिभेला लावलं आणि मला इतकी गंमत वाटली की सांगता येत नाही. तात्या दिवसभर ज्याचे कागद लिहीत ते मीठ इथे देवानं सांडून ठेवलं होतं. आम्ही शिंपल्यांनी ते खरवडायचं आणि परकराच्या ओच्यात भरून आणायचं. नागीबाय ते मागच्या माळ्यावर मडक्यात ओती. सगळ्या गावातच असं होत असे. मासे खारवायला मीठ लागे आणि सरकारी मीठ घेण्याची ऐपत कुणाची नव्हती. हे मीठ उचलणं हा गुन्हा आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तात्यांना तर सर्वांत जास्त. ते रजेवर होते आणि त्यांनी माळ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. फक्त मला कुणी काही सांगितलं नव्हतं. आता वाटतं, त्यांनी एकदा मला जवळ घेऊन सांगितलं असतं तर! पण सांगायचं म्हणजे स्वतःला ठाऊक आहे हे कबूल करायचं, आणि तेवढं धैर्य त्यांना नव्हतं.

रजा संपायला आठ दिवस राहिले होते, तेव्हा तात्यांचे इन्स्पेक्टरसाहेब फिरतीवर आले. ते आपल्यातलेच होते. त्यांचा मुक्काम गावाबाहेरच्या चौकीवर होता, पण आपला कारकून इथे आहे असं कळल्यावर ते दुपारी आमच्याकडे जेवायला आले; बरोबरचा शिपाई दाराशी बसून राहिला. हे मुद्दाम लिहिते की तो माणूस वाईट नव्हता. माझ्यासाठी त्यांनी खडीसाखर आणली होती, आणि आईची चौकशी ते जमिनीकडे पाहून, फार अदबीनं करत होते. आईनं सोलकढी, तांदळाच्या भाकऱ्या आणि नागीबायनं दिलेल्या खाऱ्या सुरमईचं कालवण केलं होतं. साहेबांनी दुसऱ्यांदा कालवण मागून घेतलं. म्हणाले, "वहिनी, असं खारं मी ठाण्याला खाल्लं नाही. काय उतरलंय!" मी वाढायला होते. आईचं कौतुक झालेलं ऐकून मला राहवेना.

"त्यातलं मीठ मी आणलंय," मी म्हटलं.

"तू? कुठून ग?"

"खडकातून. मी आणि पारू शिंपल्यानं खरवडतो. नागीबायचं मडकं भरलं, आता दुसरं लावलंय. तिथे मागे, माळ्यावर."

तात्यांचा हात ताटातच राहिला. आतून आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता तो थांबला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे, आणि हसून म्हणाले, "हुशार आहे तुमची मुलगी." त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा संपवला, हात धुतले, विडा घेतला. दारात जोडे घालताना ते तात्यांना हळूच म्हणाले ते मला ऐकू आलं. "कानावर आलं म्हणजे मला गप्प बसता येत नाही. शिपायानंही ऐकलंय. पण तुमचं किंवा मुलीचं नाव कुठे येणार नाही, तेवढं मी पाहतो." तात्यांनी हात जोडले. "आपले फार उपकार होतील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चार शिपाई आले. ते कुठेही न शोधता सरळ मागच्या माळ्यावर चढले. मडकी खाली उतरवली, वाळूवर नेली आणि भरतीच्या पाण्यात ओतली. गाव गोळा झालं. साहेबांचा कारकून बरोबर नव्हता, म्हणून पंचनामा तात्यांनीच लिहावा असा हुकूम झाला. तात्या रजेवर होते, पण नाही म्हणणं त्यांना ठाऊक नव्हतं. ओट्यावर बसून, मांडीवर फळी घेऊन, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात ते लिहू लागले. नागीबाय शिपायांच्या मध्ये उभी होती. ती रडली नाही. ती एकाच गोष्टीचा विचार करत होती, आणि तो तिनं मोठ्यानं बोलून दाखवला. "माळ्यावर हाय ह्ये त्यांना कोनी सांगलां? घरातल्याबिगर म्हाईत कोनाला?"

माणसांच्या नजरा तात्यांकडे वळल्या. मिठाचा कारकून, आणि आदल्या दिवशी साहेब त्याच्याकडे जेवलेला. कुणीतरी तसं बोललंही. तेव्हा नागीबाय त्या माणसाच्या अंगावर गेली. "माज्या घरात ऱ्हायलेली मानसं हायत ती. त्या बायला मी पानी पाजून उटवलीय. ती सांगतील?" मग तात्यांकडे वळून तिनं साध्या आवाजात विचारलं, "भाऊ, तुमी बोल्लांव का काय सायबाला?"

तात्यांनी टाक थांबवला. "मी एक अक्षरही बोललो नाही," ते म्हणाले.

ते खरंच होतं. मी पुढे झाले होते, माझं तोंडही उघडलं होतं. आईचा हात मागून माझ्या खांद्यावर आला आणि बोटं इतकी रुतली की चार दिवस वण होते. मी आईकडे वर पाहिलं. तिनं मान हलवली नाही, काही नाही, नुसती समोर समुद्राकडे पाहत राहिली. मी तोंड मिटलं. तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "काल सांजचा हिराजी चौकीवर गेल्ता. मी देखला." हिराजी गेला होता खरा. साहेबांच्या रात्रीच्या जेवणासाठी ताजे मासे घेऊन ये म्हणून शिपायानं त्याला बोलावून घेतलं होतं. तो तसं सांगू लागला, पण त्याला चटकन बोलता येत नसे, शब्द अडकत, आणि अडकणारा शब्द लोकांना लबाडीचा वाटतो. नागीबायनं त्याच्याकडे वर्षात पहिल्यांदा सरळ पाहिलं. "होडीपायी?" एवढंच ती म्हणाली. मग शिपाई तिला मचव्याकडे घेऊन गेले. पारू पाण्यात गळ्याएवढी शिरली तेव्हा तिला बाहेर काढून आणलं तेही हिराजीनंच. तिनं त्याच्या हाताला चावा घेतला.

आम्ही दोन दिवसांत ठाण्याला परतलो. नागीबायला महिन्याची कैद झाली. तळ्यावरून किल्ल्याकडे पाहिलं की तुरुंगाची भिंत दिसे, आणि त्या दिवसांत मी तळ्यावर जायचंच सोडलं. मी खरवडलेलं मीठ, मी फोडलेलं बिंग, आणि मी घरी बसून वरणभात खात होते. एकदा मी तात्यांना म्हटलं, "मी साहेबांना जाऊन सांगते, मीठ माझं होतं." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाळ, सरकारच्या कारकुनाच्या घरात ते मीठ शिजलं, हे कागदावर आलं तर मला उद्या कचेरीची पायरी चढता येणार नाही. मग तुझ्या आईचं औषध कुठून आणू?" आईला थंडी पुन्हा वाजू लागली होती. कोलशेतहून मासे घेऊन येणारी कोळीण दारात बसून सांगे की गावानं हिराजीला वाळीत टाकलं आहे. त्याच्या होडीवर कुणी पाय ठेवत नाही, एकट्याच्यानं डोलजाळं ओढवत नाही, बायकोशी विहिरीवर कुणी बोलत नाही. आई ते ऐके, मासे घेई आणि निवडायला बसे. कधी कधी निवडता निवडता तिचे हात थांबत.

महिना भरला त्या सकाळी नागीबाय आमच्या दारात उभी राहिली. तात्या कचेरीत गेले होते. ती इतकी वाळली होती की तिच्या हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत मागे सरत होतं. "बायला कसां हाय ते बघून जाव म्हनलां," ती म्हणाली, "आनि पानी द्या वायचं. कोलशेतपातूर चालायचां हाय." मी पाणी आणलं. ती प्यायली. आणि तांब्या परत घेताना माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. मी काही धाडसी नव्हते. ती माझ्या आईची विचारपूस करत होती ते मला सहन होईना, एवढंच.

"नागीबाय, हिराजीकाकांनी सांगितलं नाही. मी सांगितलं. साहेब जेवत होते तेव्हा. मला ठाऊक नव्हतं."

आई दारात येऊन उभी होती. नागीबायनं तिला विचारलं, "ही बोलतंय ते खरां?"

"खरं आहे."

"म्हैनाभर म्हाईत व्हतां तुमाला?"

"होतं," आई म्हणाली.

नागीबाय ओट्याच्या कडेवर बसली. शिव्या देईल असं मला वाटलं. तिनं पायांवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "मना सांगून काय व्हनार? गावाफुडं सांगा."

आई आत गेली. मला वाटलं, ती दार लावून घेईल. ती शेला पांघरून बाहेर आली, शेजारच्यांना गाडी जुंपायला सांगितली आणि माझा हात धरला. तात्यांना निरोप ठेवला नाही. तिच्या हाताला ताप होता, मला अजून आठवतो. गाडीनं कोलशेत आणि पुढे मचवा, अशा आम्ही तिघी निघालो.

वाळूवर उतरलो तेव्हा दुपार कलली होती. पारू धावत आली आणि आईच्या कमरेला मिठी मारून राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. नागीबायनं गावच्या पाटलाला बोलावलं, माणसं जमली. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी सगळं सांगितलं, कालवण, भाकरी, मडकं, माळा. माझा आवाज वाऱ्यात फुटत होता म्हणून दोनदा सांगावं लागलं. मग आई म्हणाली, "मुलगी बोलणार होती. तिचं तोंड मी धरलं. दोष माझा आहे." नागीबाय हिराजीच्या घराकडे धावली होती, ती परत आली. तिच्या चालण्यावरूनच कळलं.

पाटील म्हणाले, "त्यो नाय हितं, बाय. आठ दीस झाले. बायको-पोरांना होडीत घालून गेला. खालच्या अंगाला गेला म्हनतात, का वरच्या, कोनी इचारलां नाय. आमी कोनी त्याच्यासंगती बोलतच नव्हतो."

दुसऱ्या दिवशीच्या भरतीबरोबर आम्ही परतलो. कोलशेतच्या बंदरावर, शेजाऱ्यांकडून कळल्यावर येऊन, तात्या उभे होते, छत्री मिटलेली आणि डोक्यावर रणरणतं ऊन. त्यांनी आईला हात देऊन उतरवलं. "सांगितलंत?" त्यांनी विचारलं. "हो," आई म्हणाली. त्यांनी मान हलवली, आणि तिथेच धक्क्याच्या दगडावर बसले. पुढे कितीतरी महिने दारात शिपाई दिसला की त्यांचा चेहरा पांढरा पडे. रोज कचेरीत जाताना ते देवापुढे उभे राहत, आणि रोज संध्याकाळी परत आले की आई काही न विचारता त्यांच्या तोंडाकडे पाही.

बोलावणं आलं नाही. इन्स्पेक्टरसाहेब बदलून गेले, दुसरे आले, तेही गेले. तात्या त्याच खात्यात चढत गेले आणि पेन्शन घेऊन निघाले. कारकुनाच्या घरात ते मीठ शिजलं, या ज्या एका वाक्याची त्यांना भीती होती ते त्या किनाऱ्यावरच्या घराघरांत, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मिठाचे शिपाई तिथे येतच राहिले, झडत्या होतच राहिल्या, आणि कारकुनाचं नाव घेऊन स्वतःची सुटका करून घेता आली असती अशी माणसंही धरली गेली. कुणीही ते नाव घेतलं नाही. म्हणून मीही त्या गावाचं नाव इथे घेत नाही. नागीबाय पुढे दोन वर्षं दर पौर्णिमेला मचव्यानं एकेका कोळीवाड्यात जाऊन दिराची चौकशी करत होती, असं मासेवाली सांगे. मग मी सासरी कल्याणला गेले. हिराजी सापडला की नाही, ते मला कधीच कळलं नाही.